लेइगोंगथेंगच्या गोळ्या, थांबलेली पाळी आणि आई होण्याचा प्रश्न

प्रश्न: माझं वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला असतो. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (संधिवात) आहे. तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये ‘लेइगोंगथेंग’ या वनस्पतीच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू केल्या, दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम. हातांची सूज खूपच उतरली. पण तिसऱ्या महिन्यापासून पाळी कमी होत गेली आणि आता चार महिने आलेलीच नाही. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. सध्या पुण्यात माहेरी आले आहे. इथल्या फॅमिली डॉक्टरांनी पाळी यायला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तरी काही झालं नाही. हार्मोनच्या तपासणीत एफएसएच ४८ आणि एएमएच ०.४ आलं. आई म्हणते झाडपाल्याचं औषध आहे, त्याने काही होत नाही, सांध्यांना बरं वाटतंय तर बंद करू नकोस. मी डोस निम्मा केला आहे. माझी पाळी कायमची गेली का? मूल होईल का? नवऱ्याचा एक सहकारी सोरायसिससाठी हेच औषध घेतो, त्यालाही सांगायला हवं का?

उत्तर: आधी तातडीचं. लेइगोंगथेंगच्या गोळ्या आजच बंद करा. निम्मा डोसही नको. या औषधाला हळूहळू उतरवावं लागत नाही, एकदम थांबवलं तरी चालतं. प्रेडनिसोलोनचं मात्र उलट आहे. ते कितीही कमी असलं तरी मनाने एकदम बंद करू नका. आणि याच आठवड्यात पुण्यातल्या एखाद्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला (संधिवाततज्ज्ञाला) दाखवा, कारण गोळ्या बंद केल्यावर काही आठवड्यांत सांधे पुन्हा सुजण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही तेव्हा घाबरून जुनी पाकिटं बाहेर काढाल, हीच मला भीती आहे. दुसरं औषध हाताशी असलं की तो मोह होत नाही.

आता तुमच्या आईंच्या बोलण्याबद्दल. त्यांना दोष देण्यासारखं काही नाही, अशीच समजूत सगळीकडे आहे. पण अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन मिळतं आणि ते आम्ही कॅन्सरच्या रुग्णांना देतो. वनस्पतीतून आलं म्हणून सौम्य, हा हिशेब औषधशास्त्रात चालत नाही. शिवाय तुमची गोळी म्हणजे काढा नव्हे. मुळांच्या लाकडी गाभ्याचा अर्क काढून, तो रसायनांच्या साहाय्याने शुद्ध करून, त्यातला हवा तो भाग वेगळा करून ती बनवलेली असते. घरी उकळून प्यायच्या काढ्याशी तिचं नातं फार दूरचं आहे.

लेइगोंगथेंग म्हणजे ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी. दक्षिण चीनच्या डोंगराळ भागात, फुजियान, झेजियांग, हुनान अशा प्रांतांत वाढणारा वेल. आपली मालकांगोणी ज्या कुळातली, त्याच कुळातला. (याचा अर्थ मालकांगोणीच्या तेलाने तुमच्यासारखंच होईल असा कृपया काढू नका. कुळ एक असलं तरी रसायनं वेगळी.) या वेलाची साल, पानं, फुलं इतकी विषारी की चिनी शेतकरी तो कीटकनाशक म्हणून वापरत, आणि त्याच्या फुलांच्या मधानेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. साल नीट सोलून फक्त आतला गाभा घ्यायचा हा तिथला जुना दंडक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या डॉक्टरांनी तो आधी कुष्ठरोगातल्या तीव्र प्रतिक्रियेवर आणि मग संधिवातावर आधुनिक पद्धतीने वापरायला सुरुवात केली. पुढे नानजिंगचे किडनीतज्ज्ञ ली लेइशी यांनी मूत्रपिंडाच्या दाहावर त्याचा वापर रुजवला. ही वैदूची पुडी नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. २०१५ मध्ये बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज हॉस्पिटलच्या नेतृत्वाखाली २०७ रुग्णांवर झालेल्या आणि तेव्हा प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ आठवड्यांनंतर मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचं नेहमीचं औषध) घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के, हे औषध घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के जणांना निम्मा किंवा त्याहून अधिक फरक पडला. डोस तुमचाच होता, २० मिलिग्रॅम तीनदा. म्हणजे तुमची सूज उतरली हा भास नव्हता.

पण जे सूज उतरवतं तेच अंडाशयाला मारतं, आणि दोन्हींमागे मुख्य हात एकाच रेणूचा आहे.

त्याचं नाव ट्रिप्टोलाइड. १९७२ मध्ये अमेरिकेत मॉरिस कुपचान यांच्या गटाने याच वेलातून ते वेगळं केलं, तेही रक्ताच्या कॅन्सरवर औषध शोधताना. ते नेमकं कुठे चिकटतं हे २०११ मध्ये कळलं. पेशीत जनुकांवरची माहिती उतरवून घेण्याचं काम जी प्रथिनांची जुळणी करते, तिच्यातल्या एक्सपीबी नावाच्या प्रथिनाला ट्रिप्टोलाइड पक्कं धरून ठेवतं. मग पेशीला नवीन प्रथिनं बनवता येत नाहीत. ज्या पेशींचं काम जोरात चालू आहे, ज्या भराभर विभागतात, त्यांना याचा फटका आधी बसतो. संधिवातात खवळलेल्या प्रतिकारपेशी अशाच असतात, म्हणून सूज उतरते. आणि अंडाशयात दर महिन्याला वाढीला लागलेल्या स्त्रीबीजांभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशीही अशाच असतात.

या ग्रॅन्युलोसा पेशींकडे जरा लक्ष द्या, कारण तुमचे दोन्ही रिपोर्ट यांच्याचबद्दल बोलतात. स्त्रीबीज ज्या छोट्या पिशवीत वाढतं तिला आम्ही फॉलिकल म्हणतो. तिचं अस्तर या पेशींचं. इस्ट्रोजेन त्या बनवतात, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) त्या बनवतात, बीजाचं पोषण त्याच करतात. ट्रिप्टोलाइडमुळे या पेशींत ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, त्यांची ऊर्जाकेंद्रं बिघडतात, हार्मोन बनवणारी एन्झाइम कमी होतात आणि शेवटी पेशी स्वतःच मरण पत्करतात. फॉलिकल अर्ध्या वाटेत सुकून जातं. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला हाका मारत सुटते, ती हाक म्हणजे एफएसएच. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते साधारण दहाच्या आत असायला हवं, तुमचं ४८ आहे. दुष्परिणाम किती निश्चित आहे ते यावरून कळेल: उंदरांत वेळेआधी अंडाशय निकामी करून त्यावरच्या उपचारांचा अभ्यास करायचा असेल, तर प्रयोगशाळेत जी औषधं वापरतात त्यांत लेइगोंगथेंगच्याच गोळ्यांचा अर्क आहे.

उंदरांच्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. नर उंदीर ट्रिप्टोलाइड लवकर निकामी करतात, माद्यांच्या यकृतात ते जास्त रेंगाळतं आणि माद्यांना विषबाधा जास्त होते. ट्रिप्टोलाइड निकामी करणारं यकृतातलं एन्झाइम माणसात स्त्री-पुरुषांत इतकं वेगळं नसतं, त्यामुळे हे जसंच्या तसं तुम्हाला लागू करू नका.

मग तुम्हाला हे औषध मिळालं कसं? चीनच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्येच या सगळ्या गोळ्यांबद्दल इशारा काढला होता, आणि मुलं, गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, तसंच मूल हवं असलेल्या वयातल्या स्त्री-पुरुषांना ती देऊ नयेत असं माहितीपत्रकात घालायला लावलं. तुमच्या पाकिटातला चिनी कागद नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कुणाकडून वाचून घ्या, बहुधा तिथेच छापलेलं सापडेल. तिथले जाणते ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट हे औषध मुद्दाम पन्नाशीपुढच्या, पाळी गेलेल्या बायकांसाठी राखून ठेवतात आणि तिथे ते फार चांगलं काम करतं. एके काळी तर पाळी थांबवण्याच्या याच गुणामुळे गर्भाशयातल्या गाठींवर आणि एंडोमेट्रिओसिसवरही ते वापरून पाहिलं गेलं. तुमच्या बाबतीत ‘मूल हवंय का?’ हा एक प्रश्न विचारायचा राहिला. तो फक्त तिथेच राहतो असंही नाही. आपल्याकडेही संधिवाताच्या ओपीडीत तिशीतल्या बाईला मेथोट्रेक्सेट लिहून दिलं जातं आणि दिवस राहू न देण्याबद्दल एक शब्द निघत नाही, हे मी नेहमी पाहते.

जुन्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये झालेल्या आढाव्यात, हे औषध घेणाऱ्या साधारण चारांपैकी एकाला कोणता ना कोणता त्रास झालेला दिसला, आणि पुनरुत्पादनाशी संबंधित त्रास बारा टक्क्यांच्या आसपास होता. हा आकडा सगळ्या वयांचा, स्त्री-पुरुष दोघांचा मिळून आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांत ट्रिप्टोलाइडचं प्रमाणही एकसारखं नसतं, त्यामुळे एकीला दोन महिन्यांत पाळी बंद, दुसरीला वर्षभर काही नाही, असं होतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. पाळी कायमची गेली का? मी आज ‘हो’ म्हणणार नाही, आणि कुणी छातीठोक ‘हो’ म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

नियमावर बोट ठेवायचं तर चाळिशीच्या आत चार महिने पाळी नाही आणि एफएसएच २५ च्या वर, म्हणजे ‘प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी’, आम्ही पीओआय म्हणतो, ती व्याख्या तुम्ही पूर्ण करता. पण ही तपासणी औषध पोटात जात असताना झाली आहे. एएमएच वाढीला लागलेल्या लहान फॉलिकलमधल्या ग्रॅन्युलोसा पेशींतून येतं. शोकेस रिकामी दिसली म्हणून गोदामही रिकामं असेलच असं नाही. झोपलेली, अजून वाढीला न लागलेली फॉलिकल एएमएच बनवतच नाहीत, आणि प्राण्यांवरच्या अभ्यासात या औषधाचा मोठा मार वाढत्या फॉलिकलवर बसलेला दिसतो. म्हणून आजचं ०.४ हे ‘सध्या काम किती बंद पडलंय’ ते सांगतं. ‘साठा किती उरलाय’ ते तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर जास्त खरं कळेल.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत, वय आणि मुदत. या औषधामुळे पाळी कायमची जाण्याचा धोका चाळिशीच्या आसपास आणि त्यापुढे सर्वांत जास्त, कारण तिथे साठा मुळातच तळाला आलेला असतो. तिशीच्या आसपासच्या, काही महिनेच औषध घेतलेल्या बायकांची पाळी औषध थांबवल्यावर काही महिन्यांत परतल्याची उदाहरणं भरपूर आहेत. वर्षानुवर्षं घेतलेल्यांचं तसं नसतं. आणि झोपेतून उठलेल्या फॉलिकलला बीज सोडण्याइतकं मोठं व्हायला, शेवटचा टप्पा धरला तरी तीन महिन्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे गोळी बंद केल्यावर पुढच्याच महिन्यात पाळी आली नाही म्हणून खचून जाऊ नका.

पाच दिवसांच्या गोळ्यांबद्दल. त्या बहुधा फक्त प्रोजेस्टेरॉनच्या असाव्यात. त्यांनी रक्तस्राव व्हायला गर्भाशयात आधी इस्ट्रोजेनमुळे जाड झालेलं अस्तर असावं लागतं. तुमचं इस्ट्रोजेनच कमी, मग उतरायला अस्तर कुठून असणार? म्हणून काही झालं नाही. आता कुणीतरी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन दोन्ही असलेल्या गोळ्या देईल आणि २१ दिवसांनी हमखास रक्तस्राव होईल. घरात सगळे म्हणतील, आली बाई एकदाची! तो रक्तस्राव गोळीने घडवलेला असतो, अंडाशयाचा त्यात काही हात नसतो. शिवाय गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेलं एफएसएच दबलेलं येतं आणि सगळं ठीक असल्याचा खोटा दिलासा मिळतो. पुढच्या तपासण्या होईपर्यंत त्या घेऊ नका.

तपासण्या अशा करा. चार ते सहा आठवड्यांनी एफएसएच आणि इस्ट्राडायॉल पुन्हा. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी, त्यात दोन्ही अंडाशयांत छोटी फॉलिकल किती दिसतात ते मोजून लिहायला सांगा. ‘ओव्हरी नॉर्मल’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट आमच्या कामाचा नसतो. टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन. या औषधाने रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडही बिघडतात, तेव्हा सीबीसी, लिव्हर फंक्शन आणि क्रिएटिनिन आत्ताच. सहा महिन्यांत सुधारणा नसेल तर गुणसूत्रांची तपासणी आणि एफएमआर-१ जनुकाची (त्यातल्या बदलामुळेही अंडाशय लवकर थकतं) तपासणी करायला हवी, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीविरुद्धच्या अँटिबॉडीजही. हे एवढ्यासाठी, की ऱ्हुमॅटॉइड असलेल्या बाईत शरीराची प्रतिकारशक्ती अंडाशयावरही उलटू शकते. औषध समोर दिसतंय म्हणून सगळं त्याच्याच माथी मारून मोकळं व्हायचं नाही. आईची किंवा मावशीची पाळी चाळिशीच्या आत गेली होती का, हे घरी विचारून ठेवा. हा प्रश्न फुकट असतो आणि कित्येकदा महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातो.

मधल्या काळात शरीराला इस्ट्रोजेनविना ठेवायचं नाही. दोन-तीन महिन्यांत पाळी परतली तर प्रश्नच मिटला. तसं झालं नाही, आणि गरम वाफा, झोप उडणं, योनी कोरडी पडणं असा त्रास असेल तर त्याआधीही, मी इस्ट्राडायॉल आणि महिन्यातले १२ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉन सुरू करते. गर्भनिरोधक गोळीसारखी ही मात्रा बीज सुटणं रोखत नाही. तुमच्या बाबतीत कारण मुख्यतः हाडांचं आहे. ऱ्हुमॅटॉइड हाडं पोखरतो, प्रेडनिसोलोन पोखरतं, इस्ट्रोजेनची कमतरता पोखरते, आणि हे औषध वर्षानुवर्षं घेतलेल्या बायकांच्या हाडांची घनता घटलेली आढळली आहे. व्हिटॅमिन डी तपासा, डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) एकदा करून ठेवा. इस्ट्रोजेन सुरू करण्याआधी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजही पाहून घ्यायच्या. त्या असल्या तर रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

आता एक गोष्ट जी बहुतेक जणी विसरतात. पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं समजू नका. थकलेलं अंडाशय मधूनच एखादं बीज सोडतं, कसलीही पूर्वसूचना न देता. लेइगोंगथेंग पोटात असताना दिवस राहिले तर बाळाला धोका आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला हे औषध घेतलेल्या आईच्या बाळाला कवटीच्या मागच्या बाजूने मेंदूचा भाग बाहेर आल्याचं व्यंग होतं, अशी नोंद १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. एका नोंदीवरून कार्यकारण ठरत नाही, पण पेशींचं कामच थांबवणाऱ्या रसायनाबाबत मी पुराव्याची वाट पाहत बसत नाही. म्हणून पुढचे तीन महिने तरी निरोध वापरा. ट्रिप्टोलाइड शरीरात फार वेळ टिकत नाही, काही तासांतच ते निघून जातं, पण तीन महिने ही एका फॉलिकलच्या वाढीची मुदत आहे आणि तेवढ्या काळात तुमचा संधिवातही नव्या औषधावर स्थिर व्हायला हवा. जाता जाता हेही सांगते की अंगातलं विष काढायला पंचकर्म, डिटॉक्स, लिव्हर टॉनिक असं काही लागत नाही. काढायला अंगात काही उरलेलंच नसतं.

संधिवातासाठी काय घ्यायचं ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट ठरवतील, पण तुम्हाला मूल हवंय हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन (सोबत फॉलिक अ‍ॅसिड), कमी मात्रेतलं प्रेडनिसोलोन ही गरोदरपणातही चालणारी औषधं आहेत, आणि गरज पडली तर सर्टोलिझुमॅब हे इंजेक्शन. मेथोट्रेक्सेट संधिवाताच्या मात्रेत अंडाशयाचा साठा संपवत नाही, पण गर्भाला घातक आहे, आधी एक ते तीन महिने थांबवावं लागतं. लेफ्लुनोमाइड तर शरीरातून धुवून काढायला वेगळं औषध लागतं, ते मी तुमच्या जागी सुरूच करू देणार नाही. दुखणं वाढलं की लोक एटोरिकॉक्सिब, डायक्लोफेनॅक रोज घेतात. या वेदनाशामकांनी पूर्ण वाढलेलं फॉलिकल फुटतच नाही आणि बीज आत अडकून राहतं, असं कित्येकींत होतं. पुढे प्रयत्न सुरू कराल त्या महिन्यांत त्या गोळ्या टाळा. शांघायला परतल्यावर कुणी ‘ते नको तर हे घ्या’ म्हणून कुनमिंग शानहायथांगच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नका, ती याच जातकुळीतली दुसरी वनस्पती आहे आणि अंडाशयाशी तशीच वागते. आणि पुण्यात कुणी सांधेदुखीची अमुक पावडर सुचवली तर तीही नको. अशा पावडरींत लपवलेलं डेक्सामिथेसोन हे स्टेरॉइड निघाल्याची प्रकरणं आपल्याकडे वारंवार होतात. दिवस राहावेत म्हणून मिळणाऱ्या रसौषधींबाबतही (धातूंची भस्मं असलेल्या औषधांबाबतही) सावध राहा. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं सापडलं, प्रति डेसिलिटर १६ ते ६४ मायक्रोग्रॅम, आणि त्याचं मूळ भारतात बनलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांत होतं. तुमच्या वेलाचा आणि त्या शिशाचा संबंध नाही, पण या वर्षात तुमच्या अंडाशयावर आणखी कसलेही प्रयोग नकोत.

मूल होईल का? सहा महिन्यांत पाळी परतली, एफएसएच खाली आलं, तर नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता चांगली आहे, फक्त साठा थोडा कमी झालेला असेल हे गृहीत धरून वर्षानुवर्षं वाट पाहू नका. तेव्हा करिअर, घराचं कर्ज हे सगळं बाजूला ठेवून लवकर प्रयत्न करा असा माझा स्पष्ट सल्ला राहील. पाळी परतली पण एएमएच खालीच राहिलं, तर आयव्हीएफचा विचार लवकर. बीजं कमी मिळतील, पण ३१ व्या वर्षाची बीजं दर्जाने बहुधा चांगली असतात. तुमच्या वयात एकच चांगलं बीज पुरतं. आणि वर्षभरातही काहीच परतलं नाही, तर इतर कारणांनी पीओआय झालेल्या बायकांत आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण साधारण पाच टक्के आहे, तो आधार धरावा लागेल. त्या टप्प्यावर दात्या स्त्रीचं बीज हा भरवशाचा मार्ग आहे. २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्यानुसार दाती २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि तिची सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. पण हे आत्ता डोक्यात घेऊ नका. अंडाशयात पीआरपी (रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग) किंवा स्टेम सेल टोचून ‘ओव्हरी पुन्हा तरुण’ करून देणारी पॅकेजं मोठ्या शहरांत लाखांच्या भावाने विकली जातात, आणि ०.४ चा रिपोर्ट हातात असलेली ३१ वर्षांची बाई हे त्यांचं नेमकं गिऱ्हाईक. आजच्या घडीला हे उपचार प्रयोगाच्या पातळीवर आहेत. त्यातही, तुमच्यासारखीची पाळी औषध बंद केल्याने आपोआप परतणार असेल, तर त्याचं श्रेय मधल्या मध्ये कोण घेऊन जाईल ते ओळखा.

नवऱ्याच्या सहकाऱ्याला सांगायला हवंच. प्रजननाच्या बाबतीत हे औषध पुरुषांमुळेही बरंच चर्चेत आलं. चियांगशी प्रांतातले डॉ. छियान शाओझेन यांच्या लक्षात आलं की हे औषध घेणाऱ्या पुरुषांना मुलं होत नाहीत, आणि १९८७ मध्ये त्यांनी ते गर्भनिरोधक म्हणून मांडलं. शुक्रजंतूंची हालचाल आणि संख्या संधिवाताला लागणाऱ्या मात्रेपेक्षाही कमी मात्रेत घटते. कामेच्छा, लैंगिक क्षमता यांत फरक पडत नाही, त्यामुळे पुरुषाला स्वतःहून काही कळत नाही. बाईची निदान पाळी चुकते. याच वेलातल्या ट्रिप्टोनाइड नावाच्या दुसऱ्या रेणूवर २०२१ मध्ये उंदीर आणि माकडांत पुरुषांची गर्भनिरोधक गोळी म्हणून काम झालं, आणि तिथे औषध थांबवल्यावर प्रजननक्षमता परतली. त्याला मूल हवं असेल तर त्याने त्वचातज्ज्ञांना सांगून औषध बदलून घ्यावं, एक सीमेन टेस्ट आत्ता आणि एक तीन महिन्यांनी करावी. आणि त्याची बायको ‘दिवस का राहत नाहीत’ म्हणून कुठे तपासण्या करत फिरत असेल, तर ते आधी थांबवायला सांगा.